काथवटीतलं सोनं

सांगली म्हटलं की हळद आठवते, द्राक्षं आठवतात, गणपतीचं देऊळ आठवतं. सोन्याची खाण कुणाला आठवत नाही. पण भूशास्त्राच्या कागदपत्रांत ‘सांगली’ नावाची एक सोन्याची खाण आहे आणि ती सांगलीत नसून कर्नाटकातल्या गदगजवळ, कप्पतगुड्डा डोंगरांच्या सोनपट्ट्यात आहे. या नावाचा धागा जुन्या नकाशात सापडतो. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचा शिरहट्टी तालुका धारवाड जिल्ह्याच्या पोटात, या डोंगरांच्या शेजारी पडला होता. डोंगरांचा बाकीचा भाग मुंबई इलाख्यात मोडत असे. म्हणजे एकेकाळी मुंबईच्या सचिवालयातल्या फायलींत हिंदुस्थानातलं एक सोन्याचं क्षेत्र नोंदलेलं होतं, आणि ते कोलारसारखं म्हैसूरच्या राजाचं किंवा हट्टीसारखं निजामाचं नव्हतं. या क्षेत्रातून पुढे फारसं सोनं निघालं नाही. इंग्रजी भांडवलावर तिथे खाणी उघडल्या, काही वर्षं चालल्या आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच थंडावल्या. अशा बंद पडलेल्या खाणीबद्दल सहसा दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे, सोनं नव्हतंच, सगळा शेअरबाजाराचा खेळ होता. दुसरं म्हणजे, सोनं भरपूर होतं, साहेबाला ते काढता आलं नाही. माझ्या मते कप्पतगुड्ड्याच्या बाबतीत दोन्ही चूक आहेत. तिथे सोनं होतं, आजही आहे, आणि ते आहे हे गावच्या माणसांना कंपन्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. घोटाळा झाला तो त्यांच्या पुराव्याचा अर्थ लावताना. ओढ्यातलं सोनं ‘कुठे शोधावं’ याचं उत्तर देतं. ‘किती मिळेल’ याचं देत नाही. ज्यांनी हा फरक ओळखला त्यांच्या हाती एक मोठी गोष्ट लागली, ज्यांनी ओळखला नाही त्यांचे पैसे बुडाले.

आधी खडक पाहायला हवा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यात कुणी सोनं शोधायला जात नाही. हा कातळ दक्षिणेकडे बेळगावच्या आसपास पातळ होत संपतो आणि त्याखालून फार जुनी जमीन वर येते. कप्पतगुड्डा त्या जमिनीचा तुकडा आहे. गदगपासून तुंगभद्रेच्या दिशेने पसरलेली ही रांग अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांची आहे. समुद्राच्या तळाशी ओतलेला आणि नंतर दाबला जाऊन हिरवट पडलेला लाव्हा, त्यावर साचलेला गाळ, आणि लाल-काळ्या पट्ट्यांचा लोहदगड. हाच लोहदगड त्याच कुळातल्या दुसऱ्या पट्ट्यात गोव्याला आणि रेडीला लोहखनिज देऊन गेला. हे सगळे थर उभे होऊन एकमेकांवर घासले गेले, त्यांत फटी पडल्या, आणि त्या फटींतून खोलवरचं तापलेलं पाणी वर आलं. पाण्याबरोबर सिलिका आली, तिची पांढरी गारगोटी झाली. गंधक, लोह, सोमल आले. आणि अगदी किंचित सोनं आलं. गारेच्या अशा शिरा डोंगरात ठिकठिकाणी आहेत. यातलं सोनं डोळ्याला दिसेल असं क्वचितच सुटं असतं. पुष्कळदा ते आर्सेनोपायराइट नावाच्या, लोह, गंधक आणि सोमल मिळून झालेल्या चंदेरी खनिजाच्या कणांत इतकं बारीक अडकलेलं असतं की सूक्ष्मदर्शकालाही चटकन सापडू नये. पुढच्या सगळ्या कथेची कळ इथे आहे.

डोंगराच्या माथ्यावर मात्र चित्र वेगळं दिसतं. ऊन-पाऊस लागून गंधकाची खनिजं कुजतात, त्यांचा तांबूस गंज होतो, गंधक-सोमल पाण्याबरोबर निघून जातात आणि आत कोंडलेलं सोनं सुटं होतं. सोनं गंजत नाही, विरघळायलाही फारसं तयार नसतं, त्यामुळे भोवतीचा दगड झिजत गेला तरी ते जागच्या जागी साचत राहतं. तांब्याचं उलट होतं. कलई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं. डोंगरातलं तांबंही तसंच कळकतं. वरच्या भागातलं तांबं हिरवा-निळा डाग मागे ठेवून विरघळतं, खाली झिरपतं आणि पाण्याच्या पातळीजवळ पुन्हा साचतं. कप्पतगुड्ड्याचा खडक ज्या लांब पट्ट्याचं उत्तर टोक आहे, त्याच पट्ट्यावर दक्षिणेला चित्रदुर्गाजवळ इंगळदाळला तांब्याचे जुने खड्डे आहेत, आणि तिथे १९६० च्या दशकात पुन्हा खाणकाम झालं. पुढे ती खाण हट्टीच्या सरकारी कंपनीकडे गेली. एकाच पट्ट्यात दोन धातू, आणि पृष्ठभागावर दोघांचीही खूण फसवी, पण फसवणुकीची दिशा उलटी. तांब्याचा हिरवा डाग खाली असलेल्या मालापेक्षा गरीब दिसतो. सोन्याची माथ्यावरची माती खालच्या खडकापेक्षा श्रीमंत दिसते. (वैद्यकात ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात, ते तांब्याचंच खनिज आहे. आपल्या रसशास्त्रकारांनी त्याच्या नावात सोनं घातलं, पण भट्टीतून तांबं निघतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.)

आता ओढ्याकडे. कप्पतगुड्ड्यातून डोणी, सुरतूर अशा गावांच्या बाजूला ओढे उतरतात. पावसाळ्यात ते डोंगराची माती घेऊन धावतात आणि पाणी ओसरलं की वळणावर, खडकाच्या आडोशाला, जड रेव टाकून जातात. ही रेव धुणाऱ्यांना तिकडे जालगार म्हणत. हाच शब्द कन्नडात पुढे रस्ते झाडणाऱ्यालाही लागला, आणि त्यात तर्क आहे: दोघांचंही काम टाकलेल्यातून निवडण्याचं. आपल्याकडे सराफ कट्ट्यावर सोनारांच्या दुकानातली राख आणि केर धुऊन त्यातला सोन्याचा कण काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. जालगार हा डोंगराचा झारेकरी. काम पाहायला सोपं वाटतं. लाकडाच्या उथळ काथवटीत रेव घ्यायची, पाण्यात धरून गरगर फिरवायची, वरचे खडे हाताने काढून टाकायचे. मग काथवट किंचित कलती करून पाणी असं झुलवायचं की पांढरी वाळू काठावरून निघून जावी आणि काळी रेव मागे राहावी. ही काळी रेव म्हणजे लोहाचे कण, वाळूच्या दुप्पट जड. पण सोनं वाळूच्या सातपट जड. शेवटी काळ्या रेवेचा चंद्रकोरीसारखा पट्टा उरतो आणि त्याच्या मागच्या टोकाला, नशीब असेल तर, पिवळी रेघ दिसते. हात एकदा जास्त हलला तर ती रेघ पाण्यात जाते. कण फार बारीक असले तर पाऱ्याला खाऊ घालायचे आणि पारा तापवून उडवायचा, ही युक्ती सोनं धुणाऱ्यांना सगळीकडे माहीत होती. वर्षभर पोट भरावं अशी ही कमाई नव्हती. पूर ओसरल्यावरचा हा धंदा होता आणि दर पावसाळ्यात डोंगर थोडा माल नव्याने आणून देत असे.

या पिवळ्या रेघेचा अर्थ काय? गणित अगदी घरगुती आहे. समजा डोंगरातल्या गारेत टनामागे पाव तोळा सोनं आहे. पाव तोळा म्हणजे २४ गुंजा, आणि गुंजभर सोनं म्हणजे साबुदाण्याच्या एका बारीक दाण्याएवढं. एक टन गारगोटी म्हणजे साधारण अडीच फूट लांब, तेवढाच रुंद आणि उंच ठोकळा. एवढ्या ठोकळ्यात साबुदाण्याचे चोवीस दाणे, तेही पीठ करून विखुरलेले. कुणी हा ठोकळा हाताने फोडून त्यातून सोनं काढायला बसला तर उपाशी मरेल. पण ओढा हे काम फुकट करतो. हजारो वर्षं तो हजारो टन दगड फोडतो, दळतो, हलकं ते तुंगभद्रेत घालवतो आणि जड ते वळणावर ठेवतो. जालगाराच्या काथवटीत येते ती रेव खडकाचा नमुना नसते. एका अवाढव्य गिरणीतून निघालेल्या पिठाची ती शेवटची चाळण असते. त्यामुळे सोनं दिसलं तर एवढंच सिद्ध होतं की वरच्या अंगाला कुठेतरी सोनं असलेला खडक आहे. तो खडक खणण्याजोगा श्रीमंत आहे की नाही याबद्दल काथवट काहीच बोलत नाही. गरीब खडकाचा मोठा डोंगर आणि श्रीमंत खडकाची छोटी शीर, दोन्ही काथवटीत तीच रेघ उमटवू शकतात.

हे त्या काळच्या जाणत्यांना कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मद्रास सैन्यातले कॅप्टन न्यूबोल्ड यांनी या डोंगरातल्या सोन्याबद्दल लिहिलं होतं, आणि लेफ्टनंट एटन यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या ओढ्यांत सोनं असल्याची नोंद केली होती. पण या प्रश्नाकडे खऱ्या अर्थाने पाहिलं ते रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. हे भारतीय भूसर्वेक्षणातले अधिकारी. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडलं, त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जास्त येतं. त्याच फूटांनी १८७४ मध्ये भूसर्वेक्षणाच्या नियतकालिकात डंबळच्या डोंगरांतल्या, म्हणजे कप्पतगुड्ड्यातल्या, सोनं असलेल्या खडकांवर लेख लिहिला आणि १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूस्तरांवर मोठा ग्रंथ दिला. ‘दक्षिण मराठा मुलूख’ हे साहेबी नाव होतं. त्यात बेळगाव, धारवाड, कलादगी, कोल्हापूर, मिरज, सांगली सगळं यायचं. फूटांनी नुसतं ऐकून लिहिलं नाही. ओढ्यांतली रेव त्यांनी धुऊन पाहिली, सुरतूरच्या बाजूचा ओढा इतरांपेक्षा उजवा ठरवला, गारेच्या शिरा पाहिल्या, आणि तरीही लेखाचा सूर सावध ठेवला. सोनं आहे, पण भांडवल ओतावं असं अजून काही दिसलेलं नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे कंपन्या येण्याआधी पाव शतक सरकारी कागदावर इशारा हजर होता.

मग कंपन्या आल्या कशा? इथे कप्पतगुड्ड्याबाहेर पाहावं लागतं, कारण भांडवलाला एका डोंगराची भूल पडत नाही, शेजारच्या डोंगराच्या बातमीची पडते. पहिली बातमी वायनाडची. तिथेही ओढ्यांत सोनं धुणारे होते, जुने खड्डे होते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया वसाहतीच्या खाण खात्याचे सचिव राहिलेले ब्रो स्मिथ यांना सरकारने बोलावलं आणि १८८० मध्ये त्यांचा आशादायक अहवाल आला. त्या एक-दोन वर्षांत लंडनमध्ये तीसेक कंपन्या निघाल्या, भांडवलाचा आकडा चाळीस लाख पौंडांच्या घरात गेला, आणि १८८२-८३ पर्यंत बुडबुडा फुटला. पुढे १९०१ मध्ये हेडन आणि हॅच यांनी त्याच शिरांची शिस्तीत तपासणी केली तेव्हा सोनं होतं, पण इतकं थोडं की खाणीला परवडणार नाही, असं दिसलं. एवढं झाल्यावर शेअरबाजार शहाणा व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण दुसरी बातमी कोलारची होती. कोलारलाही सुरुवात काथवटीपासूनच झाली. १८०२ मध्ये लेफ्टनंट वॉरन यांच्यासमोर गावकऱ्यांनी सोनं धुऊन दाखवलं होतं. १८८० मध्ये म्हैसूर कंपनी निघाली, १८८३ पर्यंत तिचा पैसा जवळजवळ संपला, आणि जॉन टेलर कंपनीच्या सल्ल्याने उरलेली रक्कम जुन्या लोकांच्या खड्ड्यांखाली खणायला लावली तेव्हा चँपियन शीर हाती लागली. पुढे २००१ पर्यंत तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं, सरासरी टनामागे तोळ्याहून जास्त. हे अपवादाचं यश होतं. पण गुंतवणूकदाराच्या डोक्यात त्याचा नियम झाला: जुन्या खड्ड्याखाली आणखी खणा, सोनं मिळेल. कप्पतगुड्ड्यातल्या एका शिरेला ‘हॉसूर चँपियन’ म्हणतात. त्या नावात कोलारची आशा दिसते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. काथवट ‘किती’ सांगत नसेल, पण जुने खड्डे तरी सांगतात ना? आपले पूर्वज वेडे नव्हते. हट्टीला प्राचीन खाणी सहाशे फुटांहून खोल गेल्या आहेत आणि तिथल्या लाकडाचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास निघालं आहे. खडक तापवून त्यावर पाणी टाकून फोडायचा, वर आणायचा, घडीव गोट्याखाली रगडायचा; इतके कष्ट कुणी उगाच करत नाही. कप्पतगुड्ड्यातही जुने खड्डे आहेत. शिवाय गदगपासून तासाभराच्याही आत लक्कुंडी आहे, जुनं लोक्किगुंडी, चालुक्यांच्या काळातलं टांकसाळीचं गाव, ज्याच्या सोन्याच्या नाण्यांना ‘लोक्की गद्याण’ म्हणत. टांकसाळ आणि सोन्याचा डोंगर शेजारी असताना दोघांचा संबंध जोडण्याचा मोह मलाही होतो. पण टांकसाळ खाणीशेजारी असायलाच हवी असं नाही; व्यापारात आलेलं, खंडणीत आलेलं, मोडीत आलेलं सोनंही तिथेच वितळायचं, आणि मुंबईच्या टांकसाळीशेजारी कुणी खाण शोधत नाही. खड्ड्यांचा पुरावा मात्र जड आहे, तो झटकून चालणार नाही. तो काथवटीपेक्षा नक्कीच जास्त सांगतो: इथे खडक फोडून सोनं काढणं कुणाला तरी परवडलं होतं. फक्त ‘परवडलं’ याचा हिशेब कुणाचा, हे विचारायला हवं. जुन्या माणसाने शिरेतला फक्त श्रीमंत तुकडा उचलला, गरीब तुकडा जागेवर सोडला, आणि मुख्य म्हणजे कुजलेल्या, तांबूस, सुट्या सोन्याच्या भागातच काम केलं. अनेक ठिकाणी तो थांबला तो पाणी लागल्यामुळे, आणि पाण्याच्या पातळीखालीच गंधक-सोमलाचं न कुजलेलं खनिज सुरू होतं. म्हणजे जुना खड्डा जिथे संपतो तिथे बऱ्याचदा सोप्या सोन्याचाही शेवट असतो. हट्टी आणि कोलारला खालचं खनिजही श्रीमंत निघालं आणि सोनं पुष्कळसं सुटं राहिलं. वायनाडला खाली परवडण्याजोगं काही उरलं नाही. जुना खड्डा हे ‘किती होतं’ याचं उत्तर आहे. ‘किती आहे’ याचं उत्तर फक्त त्याखाली खणूनच मिळतं.

कप्पतगुड्ड्यात ते खणणं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालं. कबलायतकट्टी, हॉसूर या बाजूला लंडनच्या भांडवलावर विहिरीसारखे उभे शाफ्ट उतरले, दगड दळायला लोखंडी मुसळांच्या रांगा, म्हणजे स्टॅम्प मिल, उभ्या राहिल्या. थोडं सोनं निघालं. १९११ च्या सुमारास काम थंडावलं. सदर्न मराठा रेल्वे गदगपर्यंत आधीच आली होती, त्यामुळे यंत्रं आणणं अशक्य नव्हतं. मुसळाखाली दळलेलं सोनं पाऱ्याने पकडायचं आणि निसटलेलं, ग्लासगोत १८८७ मध्ये निघालेल्या रीतीने, सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढायचं, हा उपाय तोवर कोलारला रुळला होता. पण आर्सेनोपायराइटमध्ये कोंडलेल्या सोन्याला पारा लागत नाही आणि सायनाइडचं पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ते खनिज आधी भाजावं लागतं, भाजलं की सोमलाचा विषारी धूर निघतो, आणि एवढं करून हाती येतं ते टनामागे तोळ्याच्या अपूर्णांकात. शिवाय या शिरा कोलारच्या चँपियनसारख्या मैलोन्मैल सलग नाहीत. फुगतात, बारीक होतात, तुटतात. आज जाड लागलेली शीर उद्या बोटाएवढी झाली की शाफ्टचा सगळा खर्च अंगावर पडतो.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा जोरदार आहे. हे सगळं त्या काळच्या अडचणींचं वर्णन झालं, खडकाचं नाही. कोलारला १९०२ मध्ये शिवसमुद्रमहून वीज आली. गदगला कोळसा आणि लाकूड जाळावं लागलं. हा प्रदेश कमी पावसाचा, मुसळांना मुबलक पाणी हवं. भांडवल कमी, धीर कमी. हट्टीची खाणही १९२० मध्ये बंद पडली होती आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा उघडली. आज देशातलं खाणीतून निघणारं बहुतेक सोनं तिथूनच येतं. मग कप्पतगुड्डा फसला असं म्हणायचं कशाला, थांबला म्हणा. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. सोन्याचा भाव आणि रसायनशास्त्र बदललं की काल दगड होतं ते आज खनिज ठरतं. खनिज हा शब्दच मुळात हिशेबाचा आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी संस्थांनी इथे पुन्हा तपास केला, अलीकडे खाजगी कंपनीनेही खाणीसाठी हालचाल केली, ते याच आशेने. पण हट्टीचं उदाहरण उलट बाजूने बोलतं. हट्टी पुन्हा उघडली कारण खणलेल्या भागाच्या पुढे श्रीमंत शीर चालू होती हे मोजून माहीत होतं. कप्पतगुड्ड्यात पहिल्या कंपन्यांनी मोजण्याच्या आधी मुसळं आणली. ‘किती’चं उत्तर हाती नसताना गिरणी उभी केली, आणि पीठ कमी पडलं तेव्हा दळण थांबवलं. वीज, पाणी, भांडवल यांनी नुकसान वाढवलं असेल. चूक त्याच्या आधी झाली होती. आज तर हिशेबात आणखी एक रकाना आला आहे. या डोंगरांना उत्तर कर्नाटकाचा सह्याद्री म्हणतात, औषधी वनस्पतींसाठी त्यांची ख्याती आहे, आसपासच्या मठांनी आणि गावांनी खाणकामाविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१९ मध्ये इथे वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. माथ्यावर पवनचक्क्या फिरतात.

मग काथवटीतल्या पुराव्याचा योग्य उपयोग कुणी केला? पुन्हा फूटांनीच. कप्पतगुड्ड्यानंतर ते दक्षिणेत वर्षानुवर्षं हिंडले आणि त्यांनी एक साधी गोष्ट ताडून पाहिली: जिथे जिथे सोनं धुणारे आहेत, जिथे जुने खड्डे आहेत, तिथे खाली किंवा शेजारी हिरवट, पत्र्यासारखा फुटणारा हाच जुना खडक आहे, आणि जिथे नुसता ग्रॅनाइटी दगड आहे तिथे सहसा सोनं नाही. हे खडक ग्रॅनाइटाच्या विस्तारात लांब पट्ट्यांसारखे पसरले आहेत, आणि एका पट्ट्यावर कोलार, दुसऱ्यावर हट्टी, तिसऱ्यावर गदग बसलं आहे. १८८८ मध्ये त्यांनी या सगळ्या खडकांना एकत्र एक नाव दिलं: धारवाड. दक्षिण हिंदुस्थानातला सोन्याचा मुख्य खडकसमूह, असं त्याचं वर्णन त्यांनी लेखाच्या शीर्षकातच केलं. कोलारचं नाव द्यायला हरकत नव्हती, तिथे तर सोनं वाहत होतं. पण ज्या जिल्ह्यातल्या डोंगराने त्यांना हा खडक नीट दाखवला तो धारवाड होता. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ दक्षिण भारताच्या त्या प्राचीन भूखंडाला धारवाड क्रेटॉन म्हणतात. हे नाव पुढे इतकं लोकप्रिय झालं की नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजच्या खडकांनाही जुन्या पुस्तकांत ‘धारवाड’ म्हटलेलं सापडतं. नंतर ते वेगळे असल्याचं कळलं आणि नाव काढून घेतलं गेलं. फूटांचं हे काम जालगारांच्या माहितीवर उभं होतं, आणि त्यांनी तिच्याकडून तेवढंच मागितलं जेवढं ती देऊ शकत होती. एका ओढ्यातली पिवळी रेघ काही सिद्ध करत नाही. शंभर ओढ्यांतल्या रेघा नकाशावर मांडल्या की खाली कोणता खडक आहे ते उमटतं.

सोनं शोधण्याची आजची रीत याच क्रमाने जाते. उपग्रहाची चित्रं आणि विमानातून केलेली चुंबकीय मोजणी असली तरी भूसर्वेक्षणाची माणसं अजून ओढ्यात उतरतात, तळातली बारीक वाळू चाळून कापडी पिशवीत भरतात, पिशवीवर जागेचा आकडा घालतात आणि प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिथे अब्जांश भागांपर्यंत सोनं मोजलं जातं, जालगाराच्या डोळ्याला कधीच दिसलं नसतं इतकं थोडं. ज्या ओढ्यांचे आकडे चढे निघतात त्यांच्या वरच्या अंगाला माती तपासतात, मग चर खणतात, मग हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल लावून खडकाची लांबच लांब कांडी बाहेर काढतात. कांडी मधोमध उभी चिरतात. अर्धी दळून तिचा कस काढतात आणि अर्धी लाकडी पेटीत खोलीचा आकडा लिहून जपून ठेवतात. अशा पन्नास-शंभर कांड्यांचे कस शेजारी शेजारी मांडल्यावर शीर किती लांब, किती जाड आणि टनामागे किती, हे पहिल्यांदा कागदावर येतं. तोवर मुसळं कुणी मागवत नाही.